नाल्यातली डुकरं

— नाही हो डॉक्टरबाई, जंगलातला हा रोग गाईंपासून सुरू झाला असं फायलीत लिहिलंय, म्हणून काय ते खरं? बसा त्या स्टुलावर, पुसलंय मी. एकोणतीस वर्षं अभयारण्याच्या या शेडमध्ये मेलेली जनावरं फाडतोय — सही साहेबांची, सुरी माझी. पहिलं हरीण आलं ना, ते बाहेरून आणून इथे सोडलेलं, बंद पडलेल्या कुठल्याशा प्राणिसंग्रहालयातलं. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकं वाळलेलं. फुफ्फुसात सुरी घातली तर करकरली — वाळूत घातल्यासारखी. गाठीच गाठी, आत पिवळा चोथा. म्हटलं, साहेब, हा क्षय आहे. साहेब म्हणाले, न्यूमोनिया लिही. का? तर नवा मनोरा बांधलेला, आणि त्याच्याखाली चाऱ्याचा ढीग — पाहुण्यांना हरणं जवळून दिसावीत म्हणून! क्षय लिहिला तर ते सगळं बंद. रानभर पांगून चरणारी जनावरं एका ढिगात तोंडं घालायला लागली, एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडात. मग दुसरं काय होणार? वर्षभरात चौदा हरणं या टेबलावर आली. चौदाच्या चौदा न्यूमोनिया!

डुकरांना कसा झाला म्हणता? रानडुक्कर काय सोडतं — आतडी, फुफ्फुसं, सगळं खातं. नियम असा, की आतलं सगळं चुना टाकून पुरुषभर खोल पुरायचं. पुरुषभर! इथली जमीन बघितलीत? वीतभर माती, खाली नुसता कातळ, पहार मारली की ठिणग्या. जोडीला माणूस मागितला, तो काही मिळाला नाही. एकटा मी किती खणणार? मागे नाला आहे, तिकडे... म्हणजे एकदा-दोनदाच हं. बरं, पुष्कळदा. डुकरं वाट बघत असायची, माझ्या घमेल्याचा आवाज ओळखायची.

आणि तीच डुकरं पुढे दादाच्या गोठ्यात — दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, कुंपणापलीकडे त्याच्या अकरा गाई. त्यांच्याच हौदात पाणी, त्यांच्याच गव्हाणीत तोंड. गाई खोकायला लागल्या. मानेत सुई टोचून तपासलं, तिसऱ्या दिवशी नऊ जणींची टोचलेली जागा सुजलेली — म्हणजे क्षयच. साहेबांना आयतंच सापडलं — रोग गाईंनी जंगलात आणला! अकराही मारायचा हुकूम. दोर धरायला कोण? मी. हो, मीच, आणि त्या माझा हात चाटत होत्या. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही रोज जनावरं उघडून बघता. तुम्ही तरी सांगा साहेबांना, आमच्याकडून नाही आलं म्हणून." दादा नुसता माझ्याकडे बघत राहिला — त्याला वाटत होतं, हा बोलेल.

काय बोलणार होतो मी? घमेल्याचं सांगू? मी म्हटलं, "वहिनी, ती मोठ्या माणसांची कामं." झालं. त्या दिवसापासून दादाने तोंड फिरवलं ते फिरवलंच. रिकाम्या गोठ्यात बसून असायचा म्हणे. गेल्या थंडीत गेला — मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही दवाखान्याच्या शिपायाकडून.

तुम्ही काय लिहिताय? नाला लिहिलात? खोडा ते. खोडा म्हणतो ना! मी आपला सहज बोललो. साहेब बदलून गेले, गाई गेल्या, दादा गेला — आता खरं कळून कुणाचं भलं होणार आहे? सांगा ना, कुणाचं? वहिनीचं?

...

वहिनीचं. राहू द्या तो नाला.

उठा डॉक्टरबाई. बाहेर थांबा जरा. मला टेबल धुवायचंय.