सख्खा बाप

सामना संपल्यावर आयोवातल्या त्या मैदानाबाहेर, हॉटडॉगच्या रांगेत, माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. मुलीच्या अंगात अजून अंपायरचा काळा शर्ट होता.

“बाबा, सबंध उन्हाळा गावोगावच्या बेसबॉलला मला गाडीने तूच नेतोस, आणि सगळ्यांत जोरात शिव्याही तूच घालतोस!”

“अगं, आपल्या गावच्या पोराला आउट दिलंस! तेही शेवटच्या डावात, धाव पुरी होते त्या होमप्लेटवर!”

“होताच तो आउट.”

“मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग?”

“मग काय? तिकीट काढून बसतो. ओरडणारच.”

माझ्यामागचा टोपीवाला पुढे झुकला.

“पोरी, चष्मा घे गं एखादा!”

“ए! तिला काही बोलायचं नाही.”

“अहो, आंधळी आहे म्हणून तुम्हीच बोंबललात ना? अख्ख्या मैदानाने ऐकलं!”

“बोंबललो. त्यानंतर ती ब्रश घेऊन, आम्हा प्रेक्षकांकडे तोंड करून वाकली आणि होमप्लेटवरची माती झाडली. मी समोरच होतो. तिने मान वर केली?”

“नाही बुवा.”

“सख्ख्या बापाकडे ढुंकून बघितलं नाही! अशी अंपायर दाखव मला दुसरी.”