आनंदाच्या टेम्पोवरची पट्टी

नाही, तुम्हीच सांगा, बर्फ देणं हा काय गुन्हा आहे? मी काशिराम, बर्फवाला, गव्हाणात बोलणी खातोय मीच! आनंदा रोज मासळीसाठी बर्फ नेतो, त्या दिवशी एक लादी जास्त मागितली, मी दिली... मला काय ठाऊक, तो ती लेकीच्या परीक्षेवर घालणार आहे?

तुम्हाला सांगतो, त्याची लेक समृद्धी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गावातली पहिली पोर! प्रोजेक्ट बापाच्याच टेम्पोवर. म्हणे टेम्पो पळताना मागं हवेचा भोवरा होतो, तो गाडीला मागं खेचतो. म्हणून टपाच्या मागच्या कडेला एक पट्टी, पट्टीला तार... बॅटरीनं तार तापली की आखडते, पट्टी वाकते, भोवरा मोडतो, डिझेल वाचतं. "बाबा, सगळी करामत तार तापण्यात आहे," पोर म्हणाली, आणि आनंदाला घोर लागला! तीस वर्षं मासळी वाहिलेला माणूस, त्याचं एकच शास्त्र... तापलं का नासलं!

मग काय, परीक्षेच्या सकाळी देवाला नारळ ठेवून ह्यानं बर्फ फोडला, गोणपाटात भरला, पट्टीखाली तारेभोवती पापलेट रचावं तसा रचला, आणि टेम्पो नवीन पनवेलला कॉलेजात! पोर आधीच तिथं. बाहेरचे परीक्षक आले. तिनं बटण दाबलं. पट्टी ढिम्म! पुन्हा दाबलं. ढिम्म! आणि वरून पाणी टपटप...

"हे काय आहे?" साहेब. आनंदा हात जोडून पुढं, "सायेब, त्ये मीच..." पोरीनं त्याचा हात दाबला. "सर, माझी चूक आहे." साहेबांना पुढची मुलं बघायची होती, ते थांबले नाहीत. नापास!

गव्हाणपर्यंत आनंदा गाडी चालवत रडला हो. "मना वाटला, तापलं का नासलं..." पोर म्हणाली, "बाबा, तू जपायलाच गेलास ना?" त्यानं तो आणखीच रडला.

सहा महिन्यांनी फेरपरीक्षा. सकाळी आनंदा मासळी भरून माझ्या दारावरून निघाला. मी ओरडलो, "अरे, बर्फ?" "नको!" "आनंदा, चार टोपल्या माल हाय!" "येक खडा नको माज्या टेम्पोत!"

दुपारी कॉलेजात, भर उन्हात, बटण दाबलं... पट्टी काय सुरेख वाकली म्हणता! पोर पास! संध्याकाळी टेम्पो दारात आला तो वासानंच कळलं. मी म्हटलं, "माल गेला रे!" तर डोळे पुसत म्हणतो, "तापलं का नासलं, मायती हाय मना... येकदा नासू दे!"

आणि गाव? गाव आता मलाच विचारतंय, "काशिराम, त्याला बर्फ का नाय दिलास?"