आईच्या मापाची हायब्रीड

...नाही, तुम्हीच सांगा, त्रेपन्न रकाने म्हणजे काही कमी असतात का? तीन गाड्या, त्रेपन्न रकाने, अख्खे दोन महिने, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका हातात चमचा नि एका हातात माऊस धरून तक्ता केलाय मी, आणि आमचे बाबा त्यावरून चष्मा असा खालून वर, वरून खाली फिरवतात आणि म्हणतात काय, "ते सगळं छान आहे गं, पण ॲव्हरेज किती देते?" अहो, पहिलाच रकाना आहे तो! लाल अक्षरात! पण नाही. बाबांना ते तोंडी लागतं.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? तर गाडी आईसाठी घ्यायची होती म्हणून.

म्हणजे तुम्हाला सांगते, आमच्या आईचं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि एक ट्रायल रूम, जिच्यात जाड माणूस गेला तर पडदा बाहेर येतो. तर आईला एका हॉस्पिटलच्या स्टाफचे युनिफॉर्म शिवायचं काम मिळालं, सहा महिन्यांनी सुरू होणारं. दर मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी आठच्या आत गठ्ठे पोचवायचे, बावीस किलोमीटर. नमुने द्यायला पहिल्यांदा बाबा घेऊन गेले तिला आमच्या जुन्या गाडीतून. आता बाबांचं निघणं म्हणजे... "दोन मिनिटांत निघू" म्हणाले, मग काच पुसली, मग हवा बघितली, मग हवा भरायला गेले, मग तिथे ओळखीचे भेटले. पोचले नऊ चाळीसला! तिथली स्टोअरवाली बाई आईला म्हणाली, "काम सुंदर आहे तुमचं. पण पुन्हा उशीर झाला तर दुसरीकडे देईन हो मी." आणि आई दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग क्लासला नाव घालून आली. सत्तावन्नाव्या वर्षी.

बाबा म्हणाले, "अगं, मी आहे ना."

आई म्हणाली, "तुम्ही आहात, म्हणूनच."

क्लचवर दोनदा नापास झाली. तिचं म्हणणं, "चाळीस वर्षं मशीन चालवतेय मी, मोटर लागल्यापासून एका पायाने. त्याला कुठे क्लच असतो?" तिसऱ्यांदा क्लच नसलेल्या गाडीवर परीक्षा दिली आणि झाली की पास! म्हणजे गाडी ऑटोमॅटिक हवी, दर आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे पेट्रोल कमी खाणारी हवी, म्हणजे हायब्रीड हवी... आणि ते शोधायचं काम मी अंगावर घेतलं. मागे हटायचं नाही, असं ठरवूनच. कारण गाडी आईसाठी होती ना.

तर ऐका. पांढरी, लाल आणि राखाडी. पांढरी लिटरला सत्तावीस देते, पण शहरात हं, कारण ब्रेक मारला की तिची बॅटरी चार्ज होते, म्हणजे जितके सिग्नल लागतील तितकं बरं... मोकळा रस्ता मिळाला की चोविसावर येते. हे बाबांना समजावताना माझा जीव गेला. "म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलं की फायदा? मग आपण मुद्दाम मंडईतून जायचं का?" मी म्हटलं, बाबा, तसं नाही. म्हणाले, "तूच म्हणालीस." लाल बाविसाची, पण टक्कर-चाचणीत पाच तारे, सहा एअरबॅगा, समोर काही आलं तर ब्रेक स्वतःच मारते, आणि किंमत अशी की आकडा मी तक्त्यात बारीक अक्षरात लिहिला. राखाडी सगळ्यात स्वस्त, लिटरला तेवीस, चार तारे. मग बाबांनी वही काढली. जुन्या गाडीपेक्षा पेट्रोल किती वाचेल, त्यात नव्या गाडीचा जादा खर्च किती वर्षांनी भरून निघेल... सात वर्षं चार महिने! "आणि बॅटरीची गॅरंटी आठ वर्षं. म्हणजे आठ महिने नफा. त्यापेक्षा मी फुकट सोडतो हिला."

मी म्हटलं, बाबा, गाडी आईसाठी आहे, तुमच्या नफ्यासाठी नाही. ते म्हणाले पांढरी. मी म्हटलं लाल, कारण सुरक्षितता पहिली, आईच्या जिवापुढे पैशाचं काय घेऊन बसलात? झालं, चार दिवस आमचं बोलणं बंद. म्हणजे मीठ द्या, पाणी द्या एवढंच. आणि आई काय करत होती? बटणं लावत होती.

शेवटी शनिवारी तिघं गेलो त्या मोठ्या दुकानात, जिथे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली असतात. तिथला सेल्समन... मी त्याचं नाव 'बेसिकली' ठेवलंय, कारण तो श्वास घेतो तोही 'बेसिकली' म्हणून. "बेसिकली सर, ही लाल आमची सेफेस्ट. बेसिकली पाच तारे." मी बाबांकडे बघितलं, असं! बाबा म्हणाले, "ॲव्हरेज?"

एवढ्यात आई लालच्या ड्रायव्हर सीटवर जाऊन बसली. आणि तुम्हाला सांगते, बाहेरून आई दिसेचना. चार फूट अकरा इंच उंची तिची! तिने सीट पुढे घेतली, पाय ब्रेकला पोचेपर्यंत घेतली, तर स्टिअरिंग पोटाला. मग तिने पर्समधून काय काढावं? मापाची टेप. स्टिअरिंगच्या मधोमध धरली, दुसरं टोक छातीच्या हाडावर, आणि वाचलं, "साडेसहा." मग त्या बेसिकलीला विचारलं, "दादा, ही पिशवी फुगते ती इथूनच ना? मग माणूस किती लांब हवा?"

"बेसिकली मॅडम... दहा इंच."

"आणि ती टक्कर मारून बघतात तेव्हा आत कोण असतं?"

"पुतळा असतो मॅडम. पाच फूट नऊ. बेसिकली ॲव्हरेज पुरुष."

आई उतरली. टेप बोटांवर गुंडाळत म्हणाली, "म्हणजे ही ॲव्हरेजच्या मापाने शिवलीय. रेडीमेड आहे."

आयुष्यात पहिल्यांदा 'ॲव्हरेज' हा शब्द ऐकून बाबांनी 'किती?' विचारलं नाही! आणि मी... अहो, मी गाडीची लांबी लिहिली, रुंदी लिहिली, डिकीत किती लिटर मावतात ते लिहिलं. गाडी आईसाठी, गाडी आईसाठी म्हणत सगळ्याचं माप घेतलं, एक आई सोडून. पांढरीत साडेसात इंच आले, वर बॉनेटचं टोक दिसेना. राखाडीची सीट मात्र वर उचलली जाते, स्टिअरिंग पुढे-मागे सरकतं. आईने एकेक खुंटी सोडत, आवळत, कोटाचा खांदा बसवावा तशी ती गाडी स्वतःला बसवून घेतली. सव्वादहा. "पाव इंच सैल आहे, चालेल. ही द्या." चार मिनिटं लागली तिला. चार!

आता पहिला मंगळवार. सकाळी पावणेसात. गठ्ठे मागच्या सीटवर, आई आत, खाली पार्किंगमध्ये मी आणि बाबा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "पहिला दिवस आहे, शेजारी अनुभवी माणूस पाहिजे." मी म्हटलं, तुम्ही जुन्या गाडीतले अनुभवी, ह्यातली बटणं मला पाठ आहेत. "तुला लायसन्स मिळून तीन वर्षं झाली." मी म्हटलं, तुम्हाला मिळून तीस, म्हणून तर पोचायला नऊ चाळीस होतात! आई आतून म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा." एकदा म्हणाली. दुसऱ्यांदाही म्हणाली बहुतेक. आम्ही भांडत होतो...

आणि वळून बघतो तर जागा रिकामी.

उभे राहिलो तिथेच दोघं, गेटकडे बघत. वर जाऊन चहाही केला नाही. सात एकोणचाळीसला माझ्या फोनवर मेसेज. 'पोचले. स्टोअर अजून उघडलं नाही.'

बाबांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "ते ठीक आहे गं. पण निघाली कधी? आपण चार पावलांवर उभे, आवाज कसा नाही आला?"

आता काय सांगू त्यांना? हायब्रीड हळू निघते तेव्हा नुसती बॅटरीवर निघते, इंजिन झोपलेलं, ऐकू काही येत नाही. रकाना एकोणीस. 'फायदे' या सदरात मीच लिहिलंय.