पडलेली काठी

या, जवळ सरका, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ड्रमपथकांच्या अंतिम फेरीतली गोष्ट सांगतो. लिंबूसरबताच्या रांगेत लोर्ना मान खाली घालून उभी होती, कारण लेकीच्या, टेसाच्या, हातून मैदानात ड्रम वाजवायची काठी पडली होती. तिच्या पुढे या स्पर्धांचा निवृत्त परीक्षक वेंडेल आणि त्याची बायको बोलत होती.

"त्या पोरीपायी पथक बुडालं म्हणायचं."

"बुडतंय कशाला? आमच्या काळी प्रत्येक चुकीला दशांश गुण कापायचो. आता पडल्यावर काय केलं, तेही बघतात."

"काय केलं तिनं?"

"ड्रमवरची जादा काठी घेतली आणि पुढच्याच ठोक्याला हजर. मान खाली गेली नाही. मी गुण वाढवले असते."

"एवढे उदार? माझ्या केकला अजून दशांश कापता."

"मी तिची आई," लोर्ना म्हणाली.

"मग बाई, मान वर करा. लेकीनं ठेवली होती तशी."

प्रार्थनेला बसाल आणि मन भरकटेल, तेव्हा टेसाची आठवण ठेवा; मान खाली न घालता पुढच्याच ठोक्याला हजर व्हा.