कांबळ्यांची दाढी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं बघा, अन् दुष्काळ नेमका तेव्हाच पडला. नळाला पाणी नाही म्हणून आमच्या अख्ख्या कचेरीनं दाढ्या वाढवल्या. एकटे कांबळे कारकून रोज गुळगुळीत होऊन यायचे. त्यांच्या घरी चोरून टँकर येतो, अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कांबळे, पाणी कुठून आणता?"

"पाणी कशाला, साहेब? अर्धा कप चहा पितो, उरलेल्यात ब्रश बुडवतो."

आठवडाभरात साहेबांसकट सगळी कचेरी गुळगुळीत झाली, अन् कांबळ्यांनी दाढी वाढवायला घेतली.

मी विचारलं, "आता तुम्हाला काय झालं हो?"

कांबळे वैतागून म्हणाले, "काय सांगू! गुळगुळीत तोंड आरशात बघावं तर साहेबच दिसायलेत!"