गार भांड्याचे उपकार

अहो, पण दोन शब्द इतके सारखे ठेवायचेच कशाला, मी म्हणते? एक सिम्पथी, एक एम्पथी! जुळ्या बहिणींना एकसारखे फ्रॉक घालायचे आणि वर परक्या बाईला विचारायचं, "मावशी, फरक सांगा!"

तुम्हाला सांगते, बावीस वर्षं या वॉर्डात पेशंटचं सगळं करतेय, कुणी कधी फरक विचारला नाही. आणि आता म्हणे तोंडी परीक्षा! पास झाली ती वॉर्डात, नापास झाली ती खाली तळघरात, चादरी धुवायला. माणसं सोडून मी काय चादरींशी बोलत बसू?

शिकवायला मॅडम आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या, पण गोड हो... "मावशी, दुसऱ्याबद्दल वाईट वाटतं ती सिम्पथी. त्याचं दुखणं आपल्याला जाणवतं ती एम्पथी." मी मान डोलावली. घरी पोचेपर्यंत दोघींची अदलाबदल! यजमानांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "तुझे पाय दुखले की मी 'अरेरे' म्हणतो ना, ती सिम्पथी." आणि एम्पथी? "ती आपल्या घरात तुझ्याकडे असते. चहा टाक!"

झालं, उजाडला परीक्षेचा दिवस. समोर मॅडम, शेजारी मोठ्या सिस्टर. "मावशी, फरक सांगा!" मी सिम्पथी एका बोटावर धरली, एम्पथी दुसऱ्या, आणि परत अदलाबदल! एवढ्यात सात नंबरच्या आजोबांची बेल वाजली... आता? परीक्षा राहिली बाजूला, "आले हं, आजोबा!" म्हणत धावले, बेडपॅन गरम पाण्याखाली धरलं, पुसलं, माझ्याच दंडाला लावून बघितलं, मग दिलं. वळते तर दोघी दारात!

"मावशी, गरम का केलंत?"

म्हटलं, "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना मॅडम, तेव्हा मला गार मिळालं होतं हो... असा काटा आला अंगावर! तेव्हापासून कुणाला गार देववत नाही."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सिस्टर, लिहा. पास." डोळ्यांत पाणी पोरीच्या... आणि माझ्याही! मॅडमचे उपकार, आजोबांचे उपकार, आणि त्या गार भांड्याचे तर जन्माचे उपकार!

पण सुखानं राहू देतील तर शपथ! सिस्टर म्हणाल्या, "आता नव्या बायकांना तुम्हीच शिकवायचं." म्हणून सकाळपासून उभी आहे तुमच्यापुढे, आणि तुमचंही आपलं तेच... "मावशी, फरक सांगा!" अहो बायांनो, तो मला अजून येत नाही! चला, उठा... गरम पाण्याचा नळ कुठे आहे तो दाखवते.