रविवारचा फोन

आमच्या ह्यांचा माझ्या नोकरीवर फार राग. मी कौटुंबिक सल्ला केंद्रात समाजसेविका, त्यामुळे रविवारीही कुणाची तरी सासू नाहीतर सून फोनवर असतेच. परवा आम्ही नाटकाला निघालो आणि फोन वाजला. ह्यांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"मॅडमना आज सुट्टी आहे. उद्या करा." मग जरा थांबून म्हणाले, "अहो, रडू नका." आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. "बरं, त्यावर सासूबाई काय म्हणाल्या?"

मी चपला घालून दारात उभी. "अहो, तिसरी घंटा होईल."

अगदी माझ्यासारखाच हात वर करून म्हणाले, "पाचच मिनिटं. तू हो पुढे."

नाटक सुरेख झालं. ह्यांच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती.